खोदणाऱ्यामागून भरणारा येतो कसा? हाडातल्या ‘कपलिंग’चा इतिहास

हाडांच्या जीवशास्त्रावरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडून बघा. पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडतं: जुनं हाड विरघळणं आणि नवं हाड तयार होणं या दोन क्रिया एकमेकींशी ‘कपल्ड’ असतात. वाक्याच्या शेवटी दोन-तीन संदर्भांचे आकडे असतात आणि लेखक पुढे निघून जातो. आपणही जातो. मग सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की तेच वाक्य जरा फिरवून आपल्या पहिल्या परिच्छेदात येऊन बसतं.

आज त्या एका वाक्यापाशी थांबू या. त्यात प्रत्यक्षात तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला दावा क्रमाचा: जिथे हाड खोदलं जातं, तिथेच नंतर नवं हाड भरलं जातं. दुसरा निरोपाचा: खोदण्याचं काम भरणाऱ्यांना काहीतरी निरोप पाठवतं, म्हणून ते येतात. तिसरा समतोलाचा: जेवढं खोदलं, तेवढंच भरलं जातं. हे तिन्ही दावे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पुराव्यांवर उभे राहिले. पहिला भक्कम आहे, दुसरा तुकड्यातुकड्यांनी सिद्ध होतोय आणि तिसरा तर कित्येकदा खरा नसतोच. तरीही तिघांना मिळून आपण एकच शब्द वापरतो. या गोंधळाची किंमत फक्त परीक्षेत मोजावी लागते असं नाही. ऑस्टिओपोरोसिसवरची औषधं याच शब्दाच्या आकलनावर बेतलेली आहेत.

आधी उजळणी. हाड ही एकदा बांधून सोडून दिलेली भिंत नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी बदलला जातो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या मोठ्या, अनेक केंद्रकं असलेल्या पेशी हाडाला चिकटून बसतात, आम्ल आणि विकरं सोडून तिथे खड्डा करतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी येऊन तो खड्डा नव्या हाडाने भरतात. खोदायला काही आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. आपल्याकडे रस्त्याचं काम निघतं तसंच. एक टोळी खोदते, दुसरी मागून येऊन खडी-डांबर टाकते. फरक एवढाच की निरोगी हाडात दुसरी टोळी खरोखर येते! ती कशी येते, हा आजचा प्रश्न.

लाल हाडं

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, एका जेवणाच्या टेबलावर. जॉन बेल्चियर हे तिथले सर्जन कापड छापणाऱ्या एका कारागिराकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचं मांस होतं आणि त्यातली हाडं लालभडक होती. चौकशी केल्यावर कळलं की छापलेल्या कापडातला जादा रंग काढायला ते कोंड्याबरोबर उकळत, आणि तो कोंडा नंतर डुकरांना घालत. रंग होता मॅडरचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचा. कापड होतं कॅलिको. ते नाव आपल्या कालिकतवरून पडलं. बेल्चियर यांनी 1736 साली ही नोंद रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली.

मॅडरची गंमत अशी की तो रंग सगळ्या हाडाला लागत नाही. त्या काळात जे नवं हाड तयार होत असतं, तेवढंच रंगतं. जिवंत प्राण्याच्या हाडावर तारीख टाकायची सोयच झाली म्हणा ना! फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु मोन्सो यांनी लगेच हा रंग वापरून प्रयोग सुरू केले. वाढत्या प्राण्याच्या हाडाभोवती त्यांनी चांदीच्या तारेची कडी घातली. काही काळाने ती हाडाखाली झाकली गेलेली दिसली. म्हणजे झाडाच्या खोडासारखं हाड बाहेरून जाड होत जातं. पण मग आतली मज्जेची पोकळी मोठी कशी होते? द्युआमेल यांच्या मते हाड आतून ताणलं, फाकत जातं.

लंडनचे सर्जन जॉन हंटर यांना हे पटलं नाही. वाढत्या प्राण्याच्या नडगीच्या हाडात त्यांनी दोन छर्रे बसवले. हाड लांब झालं, पण छऱ्यांमधलं अंतर तेवढंच राहिलं. म्हणजे हाड रबरासारखं ताणलं जात नव्हतं. त्यांचा निष्कर्ष असा: बाहेरून भर पडते आणि त्याच वेळी आतून हाड शोषून घेतलं जातं. हंटर 1793 साली वारले. त्यांच्या कागदांमधून हे काम पुढे त्यांचे मेहुणे एव्हरार्ड होम यांनी प्रसिद्ध केलं. हाडाची वाढ म्हणजे फक्त भर नाही, भर आणि घट मिळून वाढ होते, ही कल्पना इथून रुजली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण परीक्षेत आणि मुलाखतीत हमखास गल्लत होते. हंटर यांनी पाहिलं ते वेगवेगळ्या पृष्ठभागांवरचं काम होतं. भर बाहेर, घट आत. याला आज आपण मॉडेलिंग म्हणतो. त्यात खड्डा करून तोच खड्डा भरण्याचा प्रश्न येत नाही. कपलिंगचा प्रश्न रिमॉडेलिंगचा आहे: एकाच जागी, एकापाठोपाठ एक.

पेशींना नावं मिळाली, वेळ मात्र दिसेना

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारला. हाडाच्या पृष्ठभागावरचे कोरीव खड्डे इंग्लंडच्या जॉन हाउशिप यांनी वर्णन केले. आजही आपण त्यांना हाउशिपचे खड्डे म्हणतो. 1864 साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाउर यांनी हाड बांधणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट हे नाव दिलं. 1873 साली आल्बर्ट कोलिकर यांनी खड्ड्यांत बसलेल्या महाकाय पेशी हाड विरघळवतात असं सविस्तर मांडलं आणि त्यांचं ऑस्टिओक्लास्ट असं बारसं केलं.

पात्रं समोर आली, पण नाटक दिसेना. कारण साधं आहे. स्लाइडवरची ऊती मेलेली असते. एका ठिकाणी ऑस्टिओक्लास्ट दिसतोय, दुसऱ्या ठिकाणी ऑस्टिओब्लास्ट. पण आधी कोण आलं, नंतर कोण, हे स्लाइड सांगत नाही. शिवाय हाड कापायला सोपं जावं म्हणून आम्लात घालून त्यातलं कॅल्शियम काढून टाकायची पद्धत होती. त्यामुळे नवं, अजून न घट्ट झालेलं हाड आणि जुनं हाड यांतला फरकही पुसला जायचा. जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षं प्रश्न इथेच अडकून राहिला. बुद्धी कमी पडत नव्हती, घड्याळ नव्हतं.

अँटिबायोटिकने लावलेलं घड्याळ

1957 च्या सुमारास लक्षात आलं की टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक नव्या हाडात जाऊन बसतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधले अस्थिशल्यविशारद हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी यातली ताकद ओळखली. मॅडरचंच तत्त्व, पण आता माणसावर वापरता येणारं. औषधाचा एक डोस द्यायचा, काही दिवस थांबायचं, दुसरा डोस द्यायचा, मग हाडाचा बारीक तुकडा काढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन चमकत्या रेघा दिसतात. रेघांमधलं अंतर भागिले दिवस, म्हणजे हाड बांधण्याचा वेग. भागाकार चौथीतला, पण त्याने अख्खं क्षेत्र बदललं. फ्रॉस्ट यांनी कॅल्शियम न काढता हाडाचे पातळ काप हाताने घासून करायची पद्धतही बसवली होती, म्हणून हे शक्य झालं.

1964-65 च्या सुमारास फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ताकाहाशी, एपकर आणि हॅटनर यांनी, एक साधं निरीक्षण मोजून दाखवलं. नव्या हाडाखाली जुन्या-नव्याची एक सांधरेषा असते. ती रेषा गुळगुळीत असेल, तर तिथे आधी खोदकाम झालेलं नाही. ती लाटांसारखी, कुरतडल्यासारखी असेल, तर तिथे आधी ऑस्टिओक्लास्ट येऊन गेले. प्रौढ माणसाच्या हाडात जवळजवळ सगळं नवं हाड कुरतडलेल्या रेषेवरच बसलेलं सापडलं. म्हणजे आधी खोदणं, मग भरणं, तेही त्याच जागी. फ्रॉस्ट यांनी या फिरत्या टोळीला एक एकक मानलं. आज पेपरात बीएमयू असं दिसतं ते हेच.

क्रमाचा दावा इथे सिद्ध झाला. आता सावध व्हा. सकाळी आधी दूधवाला येतो, मग पेपरवाला येतो. रोज येतात, त्याच दारात येतात. म्हणून दूधवाला पेपरवाल्याला पाठवतो असं होत नाही. क्रम कितीही पक्का असला, तरी त्यातून निरोप सिद्ध होत नाही. फ्रॉस्ट यांच्या स्लाइड्स क्रम दाखवत होत्या. निरोप हा त्यांवरून काढलेला अंदाज होता. ‘कपलिंग’ हा शब्द रूढ झाला तेव्हा तो उत्तर नव्हता, प्रश्नाला दिलेलं नाव होतं.

उंदरांची जोडी आणि पाच महिन्यांची मुलगी

त्या काळी निरोपाचा प्रश्न फारसा बोचत नव्हता, याला एक कारण होतं. अनेक जण मानत की ऑस्टिओक्लास्ट आणि ऑस्टिओब्लास्ट एकाच मूळ पेशीपासून बनतात, कदाचित एकमेकांत रूपांतरितही होतात. खोदणाराच फावडं टाकून थापी हातात घेतो असं असेल, तर निरोपाची गरज काय?

ही समजूत मोडली ती एका दुर्मीळ आजाराच्या अभ्यासातून. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये हाड विरघळत नाही, साठत राहतं. एक्स-रेत हाडं संगमरवरासारखी पांढरी दिसतात, म्हणून त्याला संगमरवरी हाडांचा आजार असंही म्हणतात. हाडं घट्ट दिसली तरी ठिसूळ असतात आणि मज्जेला जागाच उरत नाही. बाळांमधल्या तीव्र प्रकारात रक्त कमी पडतं, कवटीतल्या नसा दाबून दृष्टी जाते, आणि उपचार नसेल तर मूल वाचत नाही.

अमेरिकेत डोनाल्ड वॉकर यांनी असा आजार असलेला उंदीर आणि निरोगी उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांत फिरेल. आजारी उंदराची हाडं सुधारली. पुढे 1975 साली त्यांनी दाखवलं की निरोगी उंदराच्या प्लीहेतल्या किंवा मज्जेतल्या पेशी दिल्या तरी आजार बरा होतो. आणि उलट, आजारी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी रेडिएशन दिलेल्या निरोगी उंदराला दिल्या तर आजार त्याच्याकडे जातो. म्हणजे खोदणारी पेशी रक्ताच्या कुळातली.

1980 साली अमेरिकेत या आजाराच्या पाच महिन्यांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. तिची प्रकृती सुधारली. दाता भाऊ असल्यामुळे त्याच्या पेशी वाय गुणसूत्रावरून ओळखता येत होत्या. उपचारानंतर तिच्या हाडात तपासलं तर ऑस्टिओक्लास्ट भावाचे होते आणि ऑस्टिओब्लास्ट तिचे स्वतःचे. एका बाळाचा जीव वाचवण्याच्या प्रयत्नात पेशींच्या दोन कुळांचा प्रश्नही निकालात निघाला.

आता मात्र निरोपाचा प्रश्न टाळता येणार नव्हता. दोन टोळ्या दोन वेगळ्या गावांच्या. एक रक्तातून येते, दुसरी हाडाच्या आधार-ऊतीच्या मूळ पेशींतून. मग दुसरीला पत्ता कोण देतं?

भिंतीत पुरलेली चिठ्ठी

1981 साली डेव्हिड बेलिंक यांच्या गटाने अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाचं नडगीचं हाड बशीत जिवंत ठेवलं आणि त्यावर पॅराथायरॉइड हार्मोन घातलं. आधी हाड विरघळणं वाढलं, मग हाड बांधणं वाढलं. बशीत रक्त नाही, बाहेरून येणारा दुसरा काही संदेश नाही. म्हणजे निरोप हाडातूनच निघत असणार. त्यांनी मांडलं की हाडातच वाढीला चालना देणारा घटक साठवलेला असतो आणि हाड विरघळलं की तो मोकळा होतो.

कल्पना फार देखणी आहे. ऑस्टिओब्लास्ट भिंत बांधताना तिच्यात चिठ्ठी पुरून ठेवतो. कित्येक वर्षांनी कोणी ती भिंत फोडली की चिठ्ठी बाहेर पडते आणि पुढच्या गवंड्याला बोलावते. किती फोडलं त्या प्रमाणात चिठ्ठ्या बाहेर पडणार, म्हणजे समतोलाचाही प्रश्न सुटल्यासारखा. बेलिंक यांच्या गटाने माणसाच्या हाडातून असा एक घटक वेगळा काढला. 1988 च्या सुमारास कळलं की तो आधीच माहीत असलेला आयजीएफ-2 आहे. हाडात टीजीएफ-बीटा हा घटकही भरपूर साठवलेला असतो, तोही निष्क्रिय रूपात. 2009 साली शू काओ यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की हाड विरघळताना सुटलेला टीजीएफ-बीटा-1 मूळ पेशींना त्या जागेकडे ओढून आणतो.

म्हणजे चिठ्ठी आहे. पण एकच आहे का?

निरोप उलट्या दिशेनेही जातो

त्याच 1981 साली गिडियन रोडान आणि जॅक मार्टिन यांनी एक गृहीतक मांडलं. पॅराथायरॉइड हार्मोनने हाड विरघळतं, म्हणजे ते ऑस्टिओक्लास्टला हुकूम देत असणार असं वाटतं. पण त्या हार्मोनचे ग्राहक ऑस्टिओब्लास्ट कुळातल्या पेशींवर सापडत होते. म्हणून त्यांचं म्हणणं: हुकूम आधी बांधणाऱ्याला मिळतो, तो खोदणाऱ्याला कामाला लावतो.

1988 साली टोकियोत नाओयुकी ताकाहाशी आणि तात्सुओ सुदा यांच्या गटाने उंदराच्या प्लीहेतल्या पेशी आणि ऑस्टिओब्लास्टसारख्या पेशी एकत्र वाढवल्या. ऑस्टिओक्लास्ट तयार झाले. दोघांमध्ये बारीक छिद्रांचा पडदा ठेवला, की होईनात. म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श लागतो; निरोप पेशीच्या अंगावर लिहिलेला असणार. त्या न सापडलेल्या रेणूला त्यांनी नाव देऊन ठेवलं आणि शोध चालू राहिला.

1997 साली अमेरिकेतल्या ॲमजेन कंपनीच्या गटाला एक प्रथिन सापडलं, जे उंदरात जास्त झालं की हाडं दाट होतात. त्यांनी त्याला ऑस्टिओप्रोटेजेरिन म्हटलं, हाडाचा रक्षक. जपानमध्ये स्नो ब्रँड या दूध-उत्पादक कंपनीच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे तेच शोधलं होतं. 1998 साली दोन्ही गटांनी हा रक्षक ज्याला पकडून ठेवतो तो रेणू ओळखला: आज आपण त्याला रँकएल म्हणतो. सुदा यांच्या गटाला हवा होता तो हाच. या रेणूला अडवणारं डेनोसुमॅब हे औषध 2010 साली ऑस्टिओपोरोसिससाठी मंजूर झालं.

पण बघा, हा निरोप बांधणाऱ्यांच्या कुळाकडून खोदणाऱ्याकडे जातोय. कपलिंगचा मूळ प्रश्न उलटा होता. रँकएल वाचून ‘कपलिंग समजलं’ असं अनेक विद्यार्थी लिहितात. त्याने फक्त चक्र सुरू कसं होतं ते समजतं.

खोदणारा हजर आहे, पण खोदत नाही

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. भरणाऱ्यांना बोलावतं कोण: फोडलेल्या हाडातून सुटलेली चिठ्ठी, की खोदणारी पेशी स्वतः? निरोगी हाडात हे दोन्ही एकत्रच घडतं, म्हणून वेगळं करता येत नाही. वेगळं करायला असा प्रसंग हवा, जिथे खोदणारा हजर आहे पण खोदत नाही.

निसर्गाने तो प्रसंग करून ठेवला होता, पुन्हा ऑस्टिओपेट्रोसिसमध्येच. या आजाराचे प्रकार आहेत. काहींमध्ये ऑस्टिओक्लास्ट जवळजवळ नसतातच. काहींमध्ये ते भरपूर असतात, पण आम्ल सोडणारी यंत्रणा बिघडल्यामुळे खोदू शकत नाहीत. चिठ्ठीचं गृहीतक एकटंच खरं असेल, तर दोन्ही प्रकारांत हाड बांधणं मंदावलं पाहिजे. पण ज्यांच्यात न खोदणारे ऑस्टिओक्लास्ट भरपूर आहेत, त्यांच्यात हाड बांधणं कमी होत नाही, कधी वाढलेलंही दिसतं. डेन्मार्कमधले कार्सडाल आणि हेन्रिक्सन यांनी 2000 नंतरच्या दशकात हा मुद्दा लावून धरला: खोदणाऱ्या पेशीची हजेरी हाही एक निरोप आहे.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नव्हता. 2003 साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले, एक स्त्रियांवर, एक पुरुषांवर. कल्पना सरळ होती. पॅराथायरॉइड हार्मोनचं रोजचं इंजेक्शन हाड बांधतं, अलेंड्रोनेट हाडाची झीज रोखतं. दोन्ही एकत्र दिली तर दुप्पट फायदा. प्रत्यक्षात एकत्र देऊन हार्मोनपेक्षा जास्त फायदा झाला नाही, उलट अलेंड्रोनेटने त्याचा परिणाम बोथट केला. खोदकाम थांबवलं, तर भरणंही मंदावतं. हार्मोनचा सगळाच परिणाम खोदकामातून येतो असं यातून सिद्ध होत नाही, पण दोन क्रिया स्वतंत्र मानून औषधांची बेरीज करता येत नाही, एवढं पक्कं झालं.

मग पुढची कल्पना: खोदणाऱ्याला मारू नका, फक्त त्याचं हत्यार बोथट करा. ओडानाकॅटिब हे औषध ऑस्टिओक्लास्टचं कॅथेप्सिन-के हे विकर रोखायचं; पेशी जिवंत राहायची. सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत फ्रॅक्चर खरोखर कमी झाले आणि हाड बांधणं इतर झीजरोधकांइतकं दबलं नाही. पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि 2016 साली मर्क कंपनीने औषधाचं काम थांबवलं. हाडाबद्दलचा तर्क चालला, पण माणूस म्हणजे फक्त हाड नव्हे. प्रपोजलमध्ये ‘उपचाराची दिशा’ लिहिताना ही गोष्ट आठवा.

समतोल हा वेगळा प्रश्न

आता तिसरा दावा. 1982 साली मायकल पार्फिट यांनी कपलिंगच्या कल्पनेची चिकित्सा करणारा लेख लिहिला. भरणारे येणं आणि त्यांनी खड्डा काठोकाठ भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून घ्यायचं. तीन आजार शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ होतं.

मासिक पाळी बंद झाल्यानंतरच्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये खड्डे जास्त ठिकाणी पडतात. प्रत्येक खड्ड्यात भरणारे येतात, पण खड्डा थोडा अपुरा भरतात. कपलिंग शाबूत, समतोल गेलेला. 1877 साली जेम्स पॅजेट यांनी वर्णन केलेल्या आजारात खोदणं आणि भरणं दोन्ही बेफाम वेगाने चालतं; तिथेही कपलिंग शाबूत, पण तयार होणारं हाड वेडंवाकडं. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात मात्र खोदणारे उसळतात आणि भरणाऱ्यांना गाठीच्या पेशी दाबून टाकतात. एक्स-रेत गोल भोकं दिसतात, ती भरत नाहीत. खऱ्या अर्थाने कपलिंग तुटलं ते इथे.

म्हणून ‘ऑस्टिओपोरोसिसमध्ये कपलिंग बिघडतं’ असं लिहिण्याआधी थांबा. बहुतेक वेळा तुम्हाला समतोल म्हणायचं असतं.

आज कुठे आहोत

निरोप्यांची यादी लांबत चालली आहे. हाडातून सुटणारे घटक, ऑस्टिओक्लास्टने स्वतः सोडलेले रेणू, एकमेकांच्या अंगावरचे रेणू. 2018 साली टोकियोच्या एका गटाने दाखवलं की ऑस्टिओक्लास्ट रँकएलचा ग्राहक असलेले बारीक कोष सोडतात आणि ते ऑस्टिओब्लास्टवरच्या रँकएलला चिकटून त्याला बांधकामाची चालना देतात. जो रेणू जाताना निरोप नेत होता, तोच येताना निरोप घेतो. या पेपरातला उंदीर मुद्दाम वाचा: रँकएलमधलं एकच अमिनो आम्ल असं बदललं होतं की जाणारा निरोप चालू राहावा आणि येणारा बंद व्हावा. ‘भरपूर असून न खोदणाऱ्या’ ऑस्टिओक्लास्टसारखीच ही युक्ती. एकत्र घडणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करा, मग बोला.

खोदणं संपल्यावर आणि भरणं सुरू होण्याआधी काही आठवडे खड्डा तसाच पडून असतो. त्या मधल्या काळात तिथे कुठल्या पेशी असतात, त्या कशाची वाट बघतात, यावर आता बरंच काम चालू आहे. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

तोवर एवढं करा. पुढच्या वेळी पेपरात ‘कपल्ड’ दिसलं की समासात पेन्सिलीने लिहा: क्रम, निरोप की समतोल? मग संदर्भाचा आकडा बघून मूळ पेपर काढा आणि त्यातल्या प्रयोगाने या तिघांपैकी नेमकं काय दाखवलं ते तपासा. निम्म्या वेळा पेपर क्रम दाखवतो आणि वाक्य निरोपाचं असतं असं तुम्हालाही आढळेल. तुमच्या प्रपोजलचा प्रश्न बहुधा त्या फटीतच सापडेल.